मदत हवी आहे: महापुरात बुडालेल्या १९८४ च्या येझदी रोडकिंगला घरी रंग देण्याबाबत

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९८४ सालची येझदी रोडकिंग पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम मी गेल्या फेब्रुवारीत हाती घेतले. इंजिनाचे काम येथील एका जुन्या मिस्त्रींनी मनापासून करून दिले आहे आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते. आता सगळे अडले आहे ते रंगापाशी. रंगाचे काम घरीच करावे असे मी ठरवले होते, परंतु गणपतीनंतर केलेला पहिला प्रयत्न फसला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा सुरुवात करायची आहे. त्याआधी ज्यांनी स्वतःच्या हाताने गाड्या रंगवल्या आहेत त्यांचा सल्ला मिळावा, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

थोडी पूर्वपीठिका सांगणे आवश्यक आहे, कारण गंज कुठून आला हे कळल्याशिवाय उपाय सुचवणे कठीण जाईल. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली ही टू-स्ट्रोक, २५० सीसी, दोन सायलेन्सरांची गाडी. किक आणि गिअर एकाच दांडीवर असल्यामुळे नवख्या माणसाला ती सुरू कशी करायची हेही कळत नाही. बाबा शिक्षक होते आणि या गाडीवरून त्यांनी कुंभार्ली घाट चढून कराडला अनेक खेपा केल्या. आम्ही चिपळूणला राहतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात तळमजल्यावर उभी असलेली ही गाडी पूर्ण पाण्याखाली गेली आणि पाणी ओसरल्यावर चिखलात तशीच राहिली. घर आवरण्यातच आमचे दोन आठवडे गेले. गाडीकडे वळलो तेव्हा टाकीत पेट्रोलऐवजी वाशिष्ठीचा गाळ होता. तो काढून, गाडी धुऊन ताडपत्रीखाली ठेवली आणि त्यानंतरचे पावसाळे तिने तेथेच काढले.

आता फसलेल्या प्रयत्नाविषयी. डाव्या बाजूच्या टूलबॉक्सचे झाकण मी नमुन्यादाखल निवडले. वरचा काळा रंग मला धट्टाकट्टा वाटला, म्हणून तो पूर्ण न काढता ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासला, थिनरच्या फडक्याने पुसला आणि त्यावर हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) मिसळलेल्या पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, प्रायमरचा एक पातळ हात मारला. पहिली पाच-सात मिनिटे सगळे सुरेख दिसत होते. मग एका कोपऱ्यातून, तापलेल्या दुधावर फुंकर घातल्यावर साय जशी गोळा होते तशा सुरकुत्या उठू लागल्या आणि पाहता पाहता त्या झाकणभर पसरल्या. बोट लावले तर प्रायमरसह खालचा काळा थर मऊ पडून सरकत होता.

दुसऱ्या दिवशी चिंचोक्याएवढी जागा जपून खरवडली, तेव्हा कारण लक्षात आले. वरचा काळा रंग हा १९९० च्या दशकात कोणीतरी मारलेला साधा ऑइलपेंट होता. त्याखाली रेड ऑक्साइडचा गंजरोधक थर आणि सर्वांत खाली कारखान्याचा गडद लाल रंग, आरशासारखा कडक. ऑइलपेंट वरून वाळला तरी तीव्र थिनर पोहोचताच फुगतो आणि उचलला जातो, हे मला नंतर समजले. तेव्हा सगळे थर पत्र्यापर्यंत उतरवणे हा राजमार्ग आहे, हे मला मान्य आहे. प्रश्न असा की उजव्या झाकणावर, काळ्या रंगाच्या आत, मूळ लाल रंग आणि त्यावरची हाताने ओढलेली सोनेरी रेघ बहुधा शाबूत आहे. केवळ ऑइलपेंट निघेल आणि कारखान्यात भट्टीत भाजलेला रंगाचा थर सुरक्षित राहील, असे एखादे सौम्य रिमूव्हर किंवा हाताने करण्याची पद्धत कोणी वापरली आहे काय? कितीही वेळ लागला तरी चालेल. ते एक झाकण मला जसे आहे तसे ठेवायचे आहे, कारण नव्या रंगाची छटा आणि रेघेची जाडी जुळवायला दुसरा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही.

टाकीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. आतला गंज काढण्यासाठी मी धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून विजेची पद्धत वापरली: टाकी बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, साधी लोखंडी सळई धन टोकाला, आणि सळई टाकीला टेकू नये म्हणून तोंडाशी लाकडी बूच. स्टेनलेस स्टीलची सळई मुद्दाम टाळली, कारण तिच्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. हायड्रोजन वायू सुटत असल्यामुळे हे सगळे अंगणात, उघड्यावर केले. तीन दिवसांत आतून करडा पत्रा दिसू लागला खरा, पण पाणी ओतून टाकताच तासाभरात त्यावर पुन्हा भगवट झाक आली. शिवाय गंजानेच बुजवून ठेवलेली दोन छिद्रे मोकळी झाली. पेट्रोलच्या कॉकजवळ, तळाला, टाचणीच्या टोकाएवढी ती छिद्रे आहेत आणि रॉकेल भरून ठेवले की रात्रभरात खाली थेंब जमतात.

येथील एक वेल्डर म्हणाले, "आणा, पाच मिनिटांत झाळून देतो." मी टाकी तशीच परत आणली. पेट्रोल राहिलेल्या टाकीत वाफ उरते आणि ज्योत लागल्यास टाकीचा स्फोट होतो, हे ठाऊक असताना माझ्यासाठी दुसऱ्याने तो धोका पत्करावा हे मला पटत नाही. साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुऊन, नंतर डागाच्या जागेपर्यंत पाणी भरून पितळेची झाळ मारावी, असे वाचले आहे. चिपळूण, रत्नागिरी, कराड किंवा कोल्हापूर परिसरात अशी काळजी घेऊन टाक्या दुरुस्त करणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे. की छिद्रे इतकी लहान असतील तर आतून दोन घटक मिसळून बनणारे टाकीचे लायनर (आतले अस्तर) ओतणे पुरेसे होते? आपल्याकडच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये असे लायनर दोन-तीन वर्षे टिकल्याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला असेल, तर तो माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरेल. झाळकाम करायचे असल्यास ते पुट्टी आणि रंगाच्या आधीच करावे लागेल, म्हणून पुढचे सगळे या उत्तरावर थांबले आहे.

शेवटचा हात कोणत्या रंगाचा द्यावा, याबद्दल मी द्विधा मनःस्थितीत आहे. ड्युको (जुन्या पद्धतीचा नायट्रोसेल्युलोज रंग) घरी मारायला सोपा, लवकर वाळणारा आणि चुकला तर दुरुस्त होणारा. पण टाकी भरताना सांडलेल्या पेट्रोलने तो मऊ पडतो, आणि कोकणातल्या दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक धरते. पीयू पेट्रोलला दाद देत नाही, परंतु त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा विकार कायमचा जडू शकतो. हा घटक वास न येताही हवेत असतो, त्यामुळे मुखवट्यातले हवा गाळणारे काडतूस संपल्याचे नाकाला कळत नाही. माझी रंगाची जागा म्हणजे मागची पडवी. तिच्याच भिंतीपलीकडे आईची खोली आहे आणि तिला आधीच धाप लागते. म्हणून पुट्टी, प्रायमर आणि घासकाम घरी करावे, पीयूचा शेवटचा हात मात्र व्यावसायिक बूथमध्ये मारून घ्यावा, असा विचार बळावत आहे. घरात तयार केलेले भाग असे दुसऱ्याकडे रंगवायला देताना मध्ये किती दिवस गेले तर चालतात, आणि प्रायमर उघडा राहून ओलावा शोषू नये म्हणून काय करावे?

चेसिस पावडर कोटिंगला (रंगाची कोरडी पूड मारून ती भट्टीत भाजण्याच्या पद्धतीला) देण्याचाही सल्ला मिळाला आहे. त्यात भीती एवढीच की जाड थरात चेसिसवर ठोकलेला क्रमांक बुजेल आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पेन्सिलीने त्याची छाप घेताना अडचण येईल. तेवढी जागा झाकून कोटिंग करून घेतलेल्यांनी ती कशी झाकली आणि नंतर तेथे गंजरोधक म्हणून काय लावले, ते सांगावे. रंगाची अडचण नाही: आरसी पुस्तकात रंगाच्या रकान्यात आजही "लाल" असेच लिहिलेले आहे.

भर: प्रतिसादांत विचारणा झाली म्हणून लिहितो. माझ्याकडे एक अश्वशक्तीचा, २५ लिटरचा कॉम्प्रेसर आणि १.४ मिमी नोझलची गन आहे. हवेच्या नळीवर पाणी अडवणारा फिल्टर अद्याप बसवलेला नाही, तो या आठवड्यात आणतो. सप्टेंबरमध्ये प्रायमर मारला त्या दिवशी पडवीतला आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत होता. खरवडलेल्या जागेचा आणि टाकीच्या तळाचा फोटो उद्या दिवसाउजेडी काढून येथेच जोडेन. उजव्या झाकणाला मी अजून हात लावलेला नाही आणि त्याबद्दल कोणाचे तरी निश्चित उत्तर आल्याशिवाय लावणारही नाही.