नसलेल्या पायाची बोटं दुखतात, आरशाचा व्यायाम कसा करायचा?

टिचकी: मधुमेहामुळे डावा पाय गुडघ्याखाली काढलेल्या रुग्णाला दोन महिन्यांनीही त्याच पायाची बोटं पिळवटल्यासारखी दुखतात. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. आरशाचा व्यायाम घरी कसा करायचा? आणि पाय गेला तरी 'माझा पाय' हे वाटणं का जात नाही?

फिजिओ_सांगली: मनाचे खेळ बिलकुल नाहीत. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा पुसली जात नाही. पण आधी स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, तपासा. एकाच जागी दाबल्यावर करंट बसल्यासारखी कळ आली तर न्यूरोमा, म्हणजे कापलेल्या नसेच्या टोकाला आलेली गाठ, असू शकतो. लाली, ऊब, पू असेल तर जंतुसंसर्ग. तिथे आरसा कामाचा नाही, सर्जनला दाखवा.

चारफुटी आरसा दोन्ही पायांच्या मधे उभा करा, काच उजव्या पायाकडे. स्टंप पूर्ण झाकला गेला पाहिजे, म्हणजे आरशातला उजवा पायच डाव्या पायासारखा दिसेल. उजव्या पायातला मोजा काढा. घोटा सावकाश वर-खाली करा, बोटं मिटा-उघडा आणि त्याच वेळी नसलेल्या पायानंही तेच करायला बघा. नजर आरशातच. रोज १५ मिनिटं, ४ आठवडे. बहुतेकांचं बिनसतं ते घाईनं किंवा नुसतं बघत बसल्यानं. मळमळलं, रडू फुटलं तर थांबा, दुसऱ्या दिवशी दोन-तीन मिनिटांवर या. मधुमेह आहे, तेव्हा उजव्या तळव्यावर जखम नाही ना, तेही रोज बघा.

आडवातिडवा: दुसऱ्या प्रश्नाबद्दल. १९९८ मध्ये बॉट्विनिक आणि कोहेन या संशोधकांनी खरा हात पडद्याआड ठेवून समोर रबरी हात मांडला आणि दोन्हींवर एकाच तालात ब्रश फिरवला. लोकांना रबरी हातच आपला वाटू लागला. ताल चुकवला की भ्रम ओसरतो. म्हणजे 'माझं'पण डोळा, स्पर्श आणि सांध्यांची जाणीव यांच्या मेळातून सतत घडत असतं. 'मी कोण' हा त्याहून वेगळा थर. पाय गेला म्हणून आठवणी, स्वभाव, नाती जात नाहीत. दोन्हींची गल्लत करून लोक उगाच आत्म्यापर्यंत पोचतात.

फिजिओ_सांगली: मान्य, पण रबरी हातावरून आरशाची हमी देऊ नका, काहींना फरक पडतच नाही. दोन्ही पाय गेलेल्यांना तर आरशात दाखवायलाच काही नसतं. त्यांच्यासाठी समोर बसलेल्या दुसऱ्याच्या पायांच्या हालचाली बघत आपले नसलेले पाय हलवायचा प्रकार करून पाहिला गेला आहे, आणि त्यानंही वेदना कमी झाल्याची नोंद आहे.