महाडचा सावित्रीवरचा जुना पूल कधीचा होता?

चाकरमानी: गणपतीला गावी जाताना महाडजवळ सावित्रीवर नवा पूल लागतो, आधीचा दगडी कमानींचा कधीचा होता, कोणी सांगेल का?

महाडकर: १९२८ चा, ब्रिटिशांच्या काळातला. शेजारच्या पुलावरून जाताना त्याच्या दगडांत उगवलेली झाडं दिसायची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या पण गेल्या, त्या काळोखात आणि पावसात पुढे पूलच नाहीये हे ड्रायव्हरला दिसणार तरी कसं.

लालपरी: जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. नवीन पूल १६५ दिवसांत उभा केला, ५ जून २०१७ ला उद्घाटन. बाकीच्या हायवेचं मात्र विचारू नका दादा!

चाकरमानी: थँक्यू. आई अजून तिथे आलो की हात जोडते.