एप्रिलअखेर मेळघाटात मुक्काम: शेकोटी आणि सिगारेटबाबत नेमका नियम काय आहे?

प्रश्न (पुण्याचा प्रवासी)

नमस्कार. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोन कुटुंबे, मुलांसह एकूण ९ जण, परतवाड्याहून घाटांगमार्गे सेमाडोहला जाऊन दोन रात्री राहणार आहोत. मुलांनी रात्री शेकोटीभोवती बसण्याचा हट्ट धरला आहे. माझे मोठे बंधू गेली कित्येक वर्षे सिगारेट ओढतात आणि प्रवासात ती सोडणे त्यांना जड जाते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील कलम ३० मी वाचले. अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवू नये किंवा जळती सोडू नये, असा त्याचा आशय आहे. मग दगडांचे कडे करून, शेजारी पाण्याची बादली ठेवून पेटवलेली लहान शेकोटी त्या व्याख्येत बसते का? गाडीत काच वर करून ओढलेल्या सिगारेटचे काय? सकाळच्या चहासाठी छोटा गॅस नेला तर चालेल का? नियम मोडण्याची इच्छा मुळीच नाही, परंतु कोणी 'चालते', कोणी 'चालत नाही' असे सांगत असल्याने जाणकारांकडून विचारून घेत आहे.

उत्तर (निवृत्त वनपाल)

आपण जाण्यापूर्वी विचारलेत, याचे समाधान वाटले. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो, म्हणजे आपला मुक्काम त्याच्या ऐन भरात आहे.

कलम ३० चा आपण लावलेला अर्थ अनेक जण लावतात, परंतु ते कलम एकटे वाचून चालत नाही. कलम ३५ नुसार तेच बंधन राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते, आणि राखीव वनात भारतीय वन अधिनियम १९२७ चे कलम २६ असते, ज्यात वन अधिकाऱ्याने मोकळीक दिलेला काळ सोडून आग पेटवणे, ठेवणे आणि 'नेणे' हेही गुन्ह्यात धरले आहे. पेटती विडी किंवा सिगारेट हातात घेऊन चालणारा माणूस आग नेतच असतो. कलम ३० च्या उल्लंघनासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, २०२२ च्या दुरुस्तीनंतर १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. उद्यान, अभयारण्य आणि राखीव वन यांच्या सीमा रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाहीत, म्हणून तिन्हीकडे एकच वागणूक ठेवावी, हे उत्तम.

आता दगडांच्या कड्याविषयी. मेळघाट हे प्रामुख्याने सागाचे पानझडी जंगल आहे. एप्रिलमध्ये सागाची ताटाएवढी पाने जमिनीवर थरावर थर साचलेली असतात आणि त्यांच्याखाली हवा खेळत असते. शेकोटीतून उडालेली ठिणगी अशा पानाखाली शिरली की बराच वेळ धूरही दिसत नाही. दुपारी वारा सुटला की ती पेट घेते, आणि तोवर शेकोटी करणारे पुढच्या गावी पोहोचलेले असतात. उतारावर आग वरच्या दिशेने अधिक वेगाने धावते, कारण ज्वाळा वरचे गवत आधीच तापवून ठेवतात. सातपुड्यात सपाट जागा किती आहे, हे आपण घाट चढताना पाहालच. बादलीभर पाणी शेकोटीपुरते पुरेल, पण वीस पावलांवर पडलेल्या ठिणगीला ते पुरणार नाही.

उपग्रहावर विसंबू नये, हेही सांगतो. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून आगीचे संदेश भ्रमणध्वनीवर येतात आणि त्यांचा फार उपयोग होतो. परंतु उपग्रह दिवसातून ठराविक वेळीच वरून जातो आणि त्याच्या चित्रातील एक ठिपका, उपकरणानुसार, ३७५ मीटर किंवा १ किलोमीटरचा असतो. त्याला आग दिसेपर्यंत वनरक्षक आणि वनमजूर यांना हिरव्या फांद्यांनी झोडपत रात्रभर चालावे लागेल, इतकी ती पसरलेली असू शकते. हंगामापूर्वी काढलेल्या जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून पाला-गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्या) आणि पाला उडवणारे ब्लोअर यांमुळे आता काम सोपे झाले असले, तरी धग माणसालाच सोसावी लागते.

म्हणून शेकोटी नाही. गॅसही नेऊ नये. चहा उपाहारगृहात घ्यावा किंवा थर्मासमध्ये न्यावा. सिगारेट, विडी, काडेपेटी आणि लायटर सफारीच्या गाडीत असूच नयेत. बंद काचेच्या गाडीतही माझे मत तेच, कारण शेवटी थोटूक टाकण्यासाठी काच खाली होतेच. घाटांग ते हरिसाल या रस्त्याच्या कडेला लागलेल्या आगी मी विझवल्या आहेत, त्यामुळे या बाबतीत मी सवलत देणार नाही.

उत्तर (धारणी तालुक्यातील शिक्षक)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे, परंतु एक बाजू जोडतो. वणव्याचा विषय निघाला की दोष थेट इथल्या कोरकू आदिवासींच्या गावांवर ढकलला जातो. मोहफुले वेचताना ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची जुनी रीत आहे आणि तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही आग लावली जाते, हे खरे आहे. मात्र आता झाडाखालची जागा झाडून घेणारी किंवा जुन्या साड्या अंथरून फुले गोळा करणारी कुटुंबे मी दरवर्षी पाहतो, आणि आग लागल्यावर सर्वांत आधी धावतात तीही याच गावांतील मुले. ज्यांच्या घरी चूल पेटल्याशिवाय जेवण होत नाही, त्यांना आगीविषयी सांगायचे आणि पाहुण्यांना हौसेची शेकोटी करू द्यायची, हे गावात कोणाला पटवून देता येत नाही.

आपल्या मुलांना रानपिंगळ्याविषयी अवश्य सांगा. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी नामशेष झाला असे मानले जात होते. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि मेळघाट हे त्याचे महत्त्वाचे घर आहे. तो झाडाच्या ढोलीत घरटे करतो. जमिनीवरची आग पोकळ खोडात शिरली की ते झाड चिमणीसारखे आतून जळत राहते आणि ढोली नाहीशी होते. रातवा या निशाचर पक्ष्याची अंडी तर याच दिवसांत उघड्या जमिनीवर असतात.

उत्तर (सह्याद्रीतील एक भटका)

माझा अनुभव सांगतो, कारण 'आम्ही नीट विझवू' हे वाक्य मीही म्हटलेले आहे. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही एका किल्ल्याखालच्या माळावर शेकोटी केली, पहाटे तिच्यावर माती लोटली आणि गडावर गेलो. दुपारी परतलो तेव्हा त्या मातीतून धूर येत होता आणि हातभर अंतरावरचे गवत काळे पडले होते. मातीखाली निखारा विझत नाही, तो झाकला जातो. पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतून राख हाताला गार लागली तरच तो विझला असे समजावे. त्या दिवशी वारा पडलेला होता, एवढ्यावरच आम्ही सुटलो. त्यानंतर मी फेब्रुवारी ते जून या काळात डोंगरात आग पेटवलेली नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. शेकोटी आणि गॅस दोन्ही रद्द केले आहेत. बंधूंना वनपालसाहेबांचे उत्तर वाचून दाखवले; काडेपेटी आणि लायटर परतवाड्यातील आमच्या नातेवाइकांकडे ठेवून पुढे जाण्यास ते तयार झाले आहेत. एकच विचारायचे राहिले: वाटेत धूर दिसला तर आम्ही काय करावे?

उत्तर (निवृत्त वनपाल)

बंधूंना माझा नमस्कार सांगा. धूर दिसल्यास मुलांना गाडीतून उतरवू नये आणि स्वतः विझवण्यासाठी जंगलात शिरू नये. रस्त्यावरील किलोमीटरचा दगड किंवा जवळच्या गावाचे नाव टिपून वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. घाटात अनेक ठिकाणी रेंज मिळत नाही. तसे झाल्यास पुढच्या वननाक्यावर थांबून, धूर रस्त्याच्या कोणत्या बाजूला आणि किती वाजता दिसला एवढे सांगावे. तेवढ्यावरून आमची माणसे जागा शोधून काढतात.