नववी वेचणीत गेली, तर दहावी कुठून येणार?

नववीचा वर्गशिक्षक (यवतमाळ जिल्हा)

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा भरली त्याला आज बारा दिवस झाले. माझ्या तुकडीच्या पटावर 46 नावं आहेत. आज दुसऱ्या तासाला डोकी मोजली, 27 निघाली. बाकीची कुठं आहेत हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वावरात, वेचणीला. तिघं मात्र बसस्टँडमागच्या पानठेल्यावर असतात, त्यांच्याबद्दल पुढं लिहितो.

मी गणित शिकवतो, म्हणून गणितातलंच सांगतो. नववीच्या भाग 1 मध्ये संच, वास्तव संख्या, बहुपदी हे दिवाळीआधी होतं. गुणोत्तर-प्रमाण आणि त्यानंतरचं 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हे प्रकरण नेमकं वेचणीच्या दिवसांत येतं. आता दहावीचं पुस्तक उघडा. पहिलंच प्रकरण तेच आहे, दोन चलांतील रेषीय समीकरणे. आपल्याकडं उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटी उघडते आणि पहिल्याच आठवड्यात मी पोरांना ते विचारतो, जे शिकवलं त्या दिवशी ती वावरात होती. पोरगं गप्प बसतं. आठवडाभर गप्पच बसतं. पुढं त्याला वर्गात यायचीच लाज वाटायला लागते. पानठेल्यावरचे ते तिघं असेच तिथं पोचले. सातवी-आठवीत ते वेचणीला जायचे. आज त्यांच्या घरी कापूस असो वा नसो, ते शाळेत येत नाहीत आणि वावरातही जात नाहीत. तंबाखूचा खर्रा खातात, मोबाईलवर खेळतात. पहिली दांडी बापानं मारायला लावली, दुसरी पोरगं स्वतःहून मारतं.

दहावीचा फॉर्म भरायला 75 टक्के हजेरी लागते. वर्षाचे 220 दिवस धरले तर 55 दिवस गैरहजर राहूनही पोरगं नियमात बसतं. हे दिवस वर्षभर विखुरलेले असले तर फारसं बिघडत नाही, सोबत्याची वही मिळते, उजळणीत काही भरून निघतं. पण तेच 40 दिवस सलग गेले तर सबंध प्रकरणच्या प्रकरण जातं, आणि कागदावर त्याची हजेरी 80 टक्क्यांच्या वरच दिसते. नियम दिवस मोजतो, कोणते दिवस गेले ते बघत नाही.

माझं म्हणणं असं: हजेरी प्रत्येक तासाला घ्या. सलग तिसऱ्या दिवशी शिक्षकानं घरी जावं. पोराला कामासाठी घरी ठेवलं असेल तर बापानं तसं लिहून सही द्यावी. आणि दहावीचा 75 टक्क्यांचा नियम खरोखर लावा, एकदा तरी.

कोरडवाहू पाच एकर

सर, राग नका मानू. माहा पोट्टा नववीतच हाये अन् आज तो वावरातच होता. मीच नेलं त्याले.

पानी वरचं, पाच एकर पऱ्हाटी. पहिला वेचा दिवाळीच्या आधी झाला, दुसऱ्या वेचाले झाडं पांढरी होऊन उभी हायेत. मजूर भेटत नाई. गावात सगळ्यायचाच कापूस एकदम फुटते, त बायका कोनाकोनाच्या वावरात जातीन? आमच्या गावात वेचाई किलोमागं दहा रुपये चालू हाये. पोट्टा अन् त्याची माय मिळून दिवसाले पन्नास किलो वेचते, म्हंजे पाचशे रुपये घरचे घरी रायते. आभाळ आलं अन् दोन सरी पडल्या त बोंडातला कापूस भिजते, पिवळा पडते, मंग व्यापारी त्याचा वेगळाच भाव सांगते. तुमचं दहावीचं पहिलं प्रकरण जूनमधी हाये, सर. माह्या वावरातलं प्रकरण ह्याच आठवड्यात हाये.

आठवीलोक शाळेत खिचडी होती. नववीत गेला तशी बंद झाली. पोट्ट्याची भूक काय आठवीत संपते?

अन् बापाची सही घ्या म्हनता. घ्या ना. पन मी पोळ्याच्या आधी शाळेत गेलो होतो, तवा समजलं का त्या वर्गाले शाळा सुरू झाल्यापासून इंग्रजीचे सरच नाईत. जागा भरली नाई म्हने. त्या गैरहजेरीवर कोनाची सही घ्याची?

रोवणीवाली (आरमोरीकडची)

काका, तुमचं खरं आहे, पण मला तुमच्या पोराच्या जागी बसून बोलायचं आहे. मी बसलेली आहे तिथं.

आमच्याकडं कापूस नाही, धान आहे. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, जुलैत येते, शाळा उघडून पंधरा दिवस होत नाहीत तोच. मी आठ-दहा दिवस आईसोबत चिखलात असायची. त्याला घरात कोणी दांडी म्हणत नव्हतं. मुलीच्या गैरहजेरीला कुणीच दांडी म्हणत नाही. 'पोरगी घरी आहे' म्हणतात. लहान भाऊ आजारी, पोरगी घरी. आई मजुरीला गेली, पोरगी घरी. पानठेल्यावरची पोरं सगळ्यांना दिसतात सर, तुमच्या 19 मधल्या मुली किती आणि त्या कुठं होत्या, तेही लिहा.

मी नववीत होते ते साल 2021. कोरोनानंतर ऑक्टोबरात शाळा उघडली. महिनाभर गेलो आणि दिवाळीत एसटीचा संप लागला. शाळा आठ किलोमीटर. मानव विकास योजनेची निळी एसटी आम्हा मुलींसाठीच होती, तीही उभी राहिली. संप मिटला एप्रिल 2022 मध्ये. त्या गाडीनं आम्ही सात जणी जायचो, पुन्हा सुरू झाली तेव्हा चौघी चढलो. बाकी तिघींना कुणी काढलं नव्हतं. पाच महिने घरी राहिल्यावर घरच्यांना त्यांच्या घरी असण्याची सवय झाली, एवढंच.

मार्च 2023 ला माझं गणित राहिलं. जुलैच्या पुरवणी परीक्षेत निघालं, कारण मावशीनं मला महिनाभर आपल्याकडं नेऊन ठेवलं. सगळ्यांना मावशी नसते. म्हणून काका, पाचशे रुपये घरी राहतात हे मान्य, पण पोराचं जे राहतं ते कुठल्या हिशोबात धरता?

दर्यापूरकर

थोडं उलट लिहितो. मी दहावीला निम्मं वर्ष शाळेत गेलो नाही. शाळेत फळ्यावरचं उतरवून घेण्यापलीकडं काही होत नव्हतं. घरी गाइड घेऊन बसलो, 78 टक्के मिळाले. माझ्या वर्गात रोज पहिल्या बाकावर बसणारी दोन पोरं नापास झाली. हजेरीनं मार्क येतात हा समज सोडा. पास व्हायला 35 लागतात, त्यात 20 अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि तिथं कुठलीच शाळा हात आखडत नाही. उरलेले पंधरा लेखी परीक्षेत मिळवायला वर्षभर वर्गात बसावं लागत नाही. शिक्षकांनी आधी वर्ग बसण्यालायक करावा, मग हजेरीचं बोलावं.

निदेशक, फिटर

दर्यापूरकर, तुम्ही घरी राहून अभ्यास केला. तुमच्या घरात टेबल होतं की नाही माहीत नाही, पण वेळ होता. वावरातून सहाला येणाऱ्या पोराकडं तो नसतो. दोघांची दांडी एक नाही.

आणि ते पस्तीस मार्क पुढं कुठं येतात ते सांगतो. मी आयटीआयमध्ये शिकवतो. दहावी पास झालेली गावाकडची पोरं फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनला येतात. हातानं चांगली असतात, कानस धरायला सांगितलं तर शहरातल्या पोरापेक्षा आधी शिकतात. अडतात ती वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये. गुणोत्तर येत नाही, सूत्रातलं अक्षर बाजूला घेता येत नाही. विचारलं की म्हणतात, 'सर, ते शिकवलं तेव्हा मी नव्हतो.' एका पोरानं मला महिनासुद्धा सांगितला. तेव्हापासून मी पहिले तीन आठवडे आठवी-नववीचं गणित घेतो. अभ्यासक्रमात ते नाही, पण त्याशिवाय पुढं सरकता येत नाही.

दर्यापूरकर

वेळ होता, हे मान्य. वडील नोकरीत होते. वर्गाबद्दलचं म्हणणं मात्र मागं घेत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक

वर्गशिक्षकांचं निदान बरोबर आहे, औषध चुकीचं आहे. तीस वर्षं या कामात होतो, म्हणून मोकळं लिहितो.

हजेरीपट खरा का नसतो? कारण शिक्षकांची पदं पटावर ठरतात. संचमान्यतेत, म्हणजे ही पदं मंजूर होतात तेव्हा, विद्यार्थी कमी दिसले की तुकडी जाते, तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग जे पोरगं महिनाभर दिसलं नाही त्याच्या नावापुढंही हजेरी लागते. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा बोगस पट चव्हाट्यावर आले. त्या तीन दिवसांत माझ्या ओळखीच्या शाळांमधून जी धावपळ झाली ती मी पाहिली आहे. पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष नुसत्या पटावर असलेल्या, प्रत्यक्षात नसलेल्या पोरांकडं गेलं. पटावर आहे, गावात आहे आणि वर्गात नाही, अशा पोराची मोजणी आजही कुणी मनापासून करत नाही. खोटी हजेरी लावली की त्या पोराच्या घरी जायचं कारणच उरत नाही. माझ्या हातूनही हे झालं आहे. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता नियम खरोखर लावायचं. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाचा, आठवीपर्यंतचा. नववीतलं पोरगं त्याच्या बाहेर पडलेलं असतं. तुम्ही 75 टक्क्यांवर फॉर्म अडवला तर त्याच्यापुढं 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणं उरतं. किती बाप तो फॉर्म भरतील? मी सांगतो, मुलाचा कदाचित भरतील, मुलीचा नाही भरणार.

नववीचा वर्गशिक्षक

एकेकाला उत्तर देतो.

ताई, तुमचं वाचून आज पुन्हा पट काढला. 19 पैकी 11 मुली. मी वर लिहिताना पानठेल्यावरच्या तिघांवर चार वाक्यं खर्च केली आणि या अकरा जणींवर एकही नाही. चूक माझी.

सर, फॉर्म अडवण्याचं मागं घेतो. तुम्ही म्हणता तसं त्याची शिक्षा पोरांना होईल, मुलींना आधी. तासातासाची खरी हजेरी मात्र मी सोडणार नाही. माझ्या वर्गात तरी जे नाही ते नाही लिहीन, पुढं तुकडीचं काय व्हायचं ते होवो.

भाऊ, कापूस थांबत नाही हे मला कळतं, माझ्या घरीही वावर आहे. एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. गेल्या पावसाळ्यात नववीचा एक पोरगा पाठीवर पंप घेऊन फवारताना मला दिसला, तोंडाला नुसता रुमाल. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. मायसोबत रविवारी वेचायला जाणं वेगळं आणि शाळेच्या दिवशी फवारणीला जाणं वेगळं. त्याला मी मदत म्हणणार नाही.

कोरडवाहू पाच एकर

फवारनीले मी माह्या पोट्ट्याले कधी लावलं नाई, लावनार बी नाई. त्यात तुमचं माहं एकच हाये.

पोरीनं जे लिहिलं ते रात्री घरी वाचून दाखवलं. पोट्ट्याची माय काई बोलली नाई.

पन मले सांगा, उन्हासाठी शाळा उशिरा उघडते, मंग वेचनीसाठी सुट्टी काहून नाई? दिवाळीची सुट्टी पंधरा दिवस मांगं ढकला ना.

नववीचा वर्गशिक्षक

पंधरा दिवसांत भागत असतं तर मी स्वतः अर्ज केला असता. पण भाऊ, वेचा एक नसतो. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत तीन-चार वेचे होतात, आणि यंदाचा तुमचा दुसरा वेचा शेजारच्या गावात पहिला असतो. आरमोरीच्या ताईंना सुट्टी जुलैत लागेल, तुम्हाला नोव्हेंबरात. तीन महिने शाळा बंद कशी ठेवणार?

कोरडवाहू पाच एकर

मंग माहं एक ऐका. सकाळी बोंडावर दव असते. ओला कापूस कोनी वेचत नाई, ढिगात काळा पडते. नऊ वाजेलोक वावरात जाऊन काई फायदा नसते. सात ते नऊ तुमी गावात येऊन ते समीकरन का काय ते शिकवान काय? दुसरा वेचा होऊ द्या, मी पोट्ट्याले सोमवारपासून शाळेत बी धाडतो, शब्द देतो. पन तवरक त्याचं ते प्रकरन नका जाऊ देऊ.

नववीचा वर्गशिक्षक

तुमचं गाव कुठलं ते मला निरोपात कळवा. माझ्या शाळेच्या गावात मी याच सोमवारपासून बसतो, समाजमंदिराची चावी सरपंचांकडं मागितली आहे. रोज एकच उदाहरणसंग्रह, वीस दिवसांत गुणोत्तर आणि समीकरणं दोन्ही होतील. सात ते नऊ.

रोवणीवाली (आरमोरीकडची)

सर, चांगलं आहे, करा. पण सात ते नऊ त्या अकरा मुली नळावर आणि चुलीपुढं असतात. वेचणीला जाणाऱ्या घरात नऊच्या आधी सगळ्यांच्या भाकरी बांधून व्हाव्या लागतात, त्या कोण बांधतं? वेळ तुम्ही आणि काकांनी ठरवली. सोमवारी समाजमंदिरात किती जण आले ते इथं लिहा, आणि त्यात मुली किती ते वेगळं लिहा. काका, तुमच्या घरी पोरगी असेल तर तिला त्या दोन तासांसाठी मोकळी कराल का, हेही सांगा.