कालगुर्लीत एकच दिवस, सोबत आई-बाबा: काय पाहावं, काय सोडावं?

रानजाई
नमस्कार मंडळी. आम्ही पर्थला असतो. सध्या साताऱ्याहून आई-बाबा आलेत. बाबांनी हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवला. ऑस्ट्रेलियाच्या कोऱ्या नकाशात 'कालगुर्ली व कूलगार्डी' भरून घेण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे ऑपेरा हाउस राहिलं तरी चालेल, पण हे दोन ठिपके बघायचेतच, असा हट्ट आहे. सप्टेंबरात एका शुक्रवारी रात्री प्रॉस्पेक्टर या रेल्वेगाडीने पोचू, रविवारी परत. म्हणजे हातात शनिवारच. तिथे गाडी भाड्याने घेणार. आईचे गुडघे बोलतात, आणि दोघंही शाकाहारी. नवऱ्याच्या डोक्यात लेक बॅलर्डचे पुतळे बसलेत. एका दिवसात सगळं होईल का?

खडकफोड्या
तिथे चार वर्षं काढलीत, नोकरी खाणीतलीच. बॅलर्ड विसरा. मेन्झीस गावच सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, तिथून आणखी पन्नासेक. म्हणजे जाऊन-येऊन पावणेचारशे, त्यासाठी आईंना दिवसभर गाडीत कोंबणार का?

सकाळी आधी सुपर पिट, म्हणजे सोन्याची प्रचंड उघडी खाण. साडेतीन किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद, सहाशे मीटरहून खोल. आकडे ऐकून काही होत नाही, आणि कठड्याशी उभं राहूनही सुरुवातीला होत नाही, कारण तळाशी पिवळे ट्रक खेळण्यातले वाटतात. मग त्या ट्रकच्या तोंडाशी असलेली शिडी दिसते आणि ती माणसाला चढायची आहे हे ध्यानात येतं. एकेक चाक साडेतीन मीटरच्या आसपास उंच, आणि वजन उचलतो सव्वादोनशे टन. टनामागे सोनं दीड-दोन ग्रॅम धरा. म्हणजे ट्रक भरून खनिज दळलं की चाळीसेक तोळे, आकाराने एक लहान लिंबू. बाकी सगळा धोंडा. शिवाय निघणाऱ्या ट्रकांपैकी बहुतेकांत खनिजही नसतं, नुसता टाकाऊ दगड. बाबांना हा हिशोब तिथेच घालायला लावा, मास्तर खूश होतील.

सुरुंगाची वेळ आधी जाहीर करतात, पण वारा फिरला की पुढे ढकलतात. त्यासाठी दिवस अडवून ठेवू नका. निघण्याआधी लुकआउट, म्हणजे खाण बघायची कठड्याची जागा, उघडा आहे ना, तेवढं पाहून घ्या.

मग हॅनन स्ट्रीट. टोकाला म्युझियम, लाल हेडफ्रेमवरून (खाणीच्या तोंडावरचा मनोरा) लांबूनच ओळखू येतं. पॅडी हॅननचा पुतळा पाहा. १८९३च्या जूनमध्ये फ्लॅनगन आणि शे या जोडीदारांबरोबर त्याला इथे सोनं सापडलं. पुतळ्याच्या हातात सोन्याचा गोळा नाही, पाण्याची पखाल आहे, आणि तिच्यातून प्यायचं पाणी येतं. या मुलुखात मौल्यवान काय होतं ते शिल्पकाराला बरोबर कळलं होतं. रस्त्यावरची प्रतिकृती आहे, मूळ पुतळा टाउन हॉलमध्ये.

दुपारी कूलगार्डी, चाळीस किलोमीटरच्या आत. उन्हं कलायच्या आत परत.

शेवटचा_डबा
पाण्यावरून आठवलं, माउंट शार्लटचा जलाशय चुकवू नका. पर्थजवळच्या मंडेरिंग धरणापासून सुमारे ५३० किलोमीटर नळ टाकून इथे पाणी आणलं, वाटेत आठ पंपिंग स्टेशनं. हायवेने गेलात तर तो नळ तासन्‌तास सोबतीला असतो. त्याआधी खारं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून प्यायचं पाणी विकायचे. ओकॉनर नावाच्या इंजिनियरची ही योजना. बिचाऱ्याने नळ सोडला, पाणी आलंच नाही, म्हणून त्याने जीव दिला.

खडकफोड्या
@शेवटचा_डबा, ही गोष्ट गावात सगळेच सांगतात, पण ती खोटी आहे. ओकॉनर गेला मार्च १९०२ मध्ये. तेव्हा नळाचं काम चालू होतं, कालगुर्लीला पाणी सोडायची वेळच आली नव्हती. वर्तमानपत्रांनी आणि विरोधकांनी पैसे खाल्ल्याचे आरोप करून त्याला पार पिळून काढलं होतं. फ्रीमँटलच्या दक्षिणेला घोडा समुद्रात घातला आणि स्वतःवर गोळी झाडली. जानेवारी १९०३ मध्ये उद्घाटन झालं आणि पाणी व्यवस्थित आलं. अजूनही येतंय.

मुक्ता_पर्थ
बॅलर्डला इतकं सरसकट 'विसरा' म्हणू नये हो. कोरड्या खाऱ्या तळ्यावर अँटनी गॉर्मलीचे ५१ पोलादी पुतळे, २००३ साली उभारलेले, दूरदूर पेरलेले. पहाटे किंवा संध्याकाळी त्यांच्या सावल्या बघायच्या. पण त्यासाठी एक मुक्काम हवाच, त्यामुळे या वेळेपुरतं खडकफोड्यांना अनुमोदन.

अंधारात गाडी चालवू नका, हे मी अनुभवाने सांगते. दिवेलागणीला मेन्झीसहून परतताना कांगारू बॉनेटवर आला. आम्हाला खरचटलंही नाही, पण भाड्याच्या गाडीचा विमा सूर्यास्तानंतर गावाबाहेर लागू नव्हता, हे त्या दिवशी कळलं. करारातली बारीक अक्षरं वाचा, कच्च्या रस्त्याचं कलमसुद्धा. आणि रोड ट्रेनला, म्हणजे मागे डब्यांची रांग जोडलेल्या ट्रकला, ओव्हरटेक करायची घाई नको. पन्नास-पन्नास मीटर लांबीचं धूड असतं.

जेवणाचं म्हणाल तर कालगुर्लीत अडचण नाही. कूलगार्डीत शनिवारी दुपारी काय उघडं मिळेल याच्या भरवशावर राहू नका. दशम्या-चटणी बांधून न्या. माशांसाठी तोंडावरची जाळी घ्या. हसू येतं, पहिली माशी नाकात जाईपर्यंत.

रानजाई
सगळ्यांचे आभार. बॅलर्ड कटाप, नवऱ्याला सांगितलंय. आता बाबांची नवी टूम: मेटल डिटेक्टर भाड्याने घेऊन थोडं 'शोधून बघायचं'. चालतं का?

खडकफोड्या
हौशी माणसालाही 'मायनर्स राइट' हा परवाना लागतो, आणि तो असला तरी कुणाच्या लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्याच्या खाणजमिनीवर, खुपसायचं नाही. एका दिवसासाठी कशाला? हॅनन्स नॉर्थ टुरिस्ट माइनमध्ये परातीत वाळू धुवायला मिळते, मोठ्या ट्रकमध्येही चढता येतं. गावाबाहेर रानात फोटो काढताना मागे मागे सरकू नका. जुने शाफ्ट, म्हणजे खाणीच्या विहिरीसारख्या खोल भोका, उघडे पडलेले असतात.

बाबांसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. इथलं बरंचसं सोनं टेल्युरियम या मूलद्रव्याबरोबर जुळून येतं, सोन्यासारखं दिसतच नाही. सुरुवातीच्या लोकांनी ते खोटं सोनं समजून फेकलं, रस्त्यातले खड्डे बुजवायला वापरलं. १८९६ मध्ये त्याचं खरं रूप कळलं, तेव्हा लोकांनी कुदळी घेऊन गावातले रस्तेच उकरले. खड्डे बुजवून पस्तावलेली नगरपालिका जगात ही एकच असावी.

रानजाई
जाऊन आलो, म्हणून धागा वर काढतेय.

पिटपाशी बाबा दहा मिनिटं गप्प होते, मग लिंबाचा हिशोब शेजारच्या जर्मन जोडप्याला इंग्रजीत समजावून आले. सुरुंग पुढे ढकलला, नाही पाहिला. माशांची जाळी आईने आधी नाकारली आणि पाच मिनिटांत माझी काढून घेतली.

कूलगार्डीचा रस्ता केवढा रुंद! दोन्हीकडे भारदस्त दगडी इमारती आणि मध्ये माणूस नाही. इथे १८९२ मध्ये बेली आणि फोर्डला सोनं सापडलं, आणि भराच्या दिवसांत पंधरा हजार वस्ती होती म्हणतात. कब्रस्तानात उंटवाल्यांच्या कबरी आहेत. सगळ्यांना 'अफगाण' म्हणत, पण त्यांतले कितीतरी बलुचिस्तान, सिंध, पंजाबातले. बाबा म्हणाले, "हे आमच्या धड्यात नव्हतं."

आई मात्र अडली ती 'कूलगार्डी सेफ'पाशी. लाकडी सांगाड्याचं कपाट, भोवती गोणपाट, वर पाण्याचं तसराळं. पाणी गोणपाटात झिरपतं, वारा लागतो, आतलं दूध-लोणी गार राहतं. तिथल्या बाईंनी १८९० च्या दशकातला स्थानिक शोध म्हणून कौतुकाने सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "यांना विचार, गोणपाटाला वास येऊ लागला की काय करायचे?" बाईंना सांगता आलं नाही. आईने सांगितलं: दर आठ दिवसांनी उन्हात घालायचं.

नवरा अजून रुसलाय. बॅलर्डसाठी एप्रिलमध्ये मेन्झीसला मुक्काम करावा म्हणतोय. @मुक्ता_पर्थ, राहण्याची सोय कशी आहे?