मार्च एंडला ‘प्रसन्न राहा’ सांगणाऱ्यांसाठी

विश्रामबागकर (९ मार्च २०२६)

काल आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. ‘मार्च एंड हसतमुखानं साजरा करा.’ सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसा, कराला ओझं मानू नका, ३१ तारखेच्या आत दीड लाखाची गुंतवणूक उरका आणि निर्धास्त व्हा. खाली हात जोडलेल्यांची रांग. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी कुपवाड एमआयडीसीत बावीस वर्षं नोकरी करतोय. २०११ च्या मार्चमध्ये मीही असंच उरकलं होतं. फेब्रुवारीचा निम्मा पगार टॅक्समध्ये कापला गेला होता आणि गुंतवणुकीचे पुरावे द्यायला एकच दिवस उरला होता. एका बँकेत गेलो, काउंटरपलीकडून विमा पॉलिसीचा फॉर्म पुढं आला, दाखवतील तिथं सह्या केल्या. हप्ता वर्षाला ३०,०००, मुदत वीस वर्षं. माझा स्लॅब १० टक्क्यांचा, म्हणजे टॅक्स वाचला ३,००० आणि वर थोडा सेस. तिसऱ्या वर्षी आईचं ऑपरेशन निघालं आणि हप्ता थकला. तीन हप्ते पुरे नाहीत म्हणून भरलेल्या ६०,००० मधला एक रुपयाही हाती आला नाही. सहा हजार वाचवायला साठ हजार गेले. आणि सही करून बाहेर पडलो तेव्हा मी चांगला प्रसन्न होतो. सुटलो एकदाचा, म्हणून मुलांना भडंग घेऊन घरी गेलो होतो.

तयारी एप्रिलमध्ये होते, मार्चमध्ये फक्त धावपळ होते. पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी बचत खात्यात, ५ एप्रिलच्या आत पैसे टाकले तर ७.१ टक्क्यांनी बारा महिन्यांचं व्याज मिळतं. तेच ३१ मार्चला टाकले तर सरत्या वर्षाचं व्याज शून्य. एकदम जमत नसेल तर महिन्याला १२,५०० टाका. आणि नवी कररचना घेतली असेल तर ८०सी, म्हणजे ही दीड लाखाची वजावट, लागूच नाही. तिथं यंदा १२ लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला ७५,००० ची वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. ज्याला कर बसतच नाही, त्याला ‘३१ च्या आत दीड लाख गुंतवा’ सांगून घाबरवायचं आणि वर ‘हसा’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

मिरजेची ताई

ती पोस्ट तुमच्या ग्रुपवर मीच टाकली होती. नाव घेतलं नाहीत, पण माझ्यावरच लिहिलंय, म्हणून उत्तर देते.

दादा, तुमचे पैसे घाईनं गेले, मान्य. आमच्या घरात भीतीनं काय केलं ते ऐका. आमचं छोटं दुकान आहे. दहा वर्षांपूर्वी मिस्टरांच्या नावानं कर खात्याचं पाकीट आलं. त्यांनी ते न फोडता कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. सात महिने! मला पत्ता नव्हता. त्यांची झोप गेली, बीपी वाढलं, पोस्टमन दिसला की आतल्या खोलीत जायचे. मला सापडल्यावर त्यांना शेजारी बसवलं, आधी पाणी प्यायला लावलं आणि मग फोडलं. ठेवीवरचं व्याज दाखवायचं राहिलं होतं, एवढंच. कर, व्याज सगळं मिळून पाच हजारांच्या आत. डॉक्टरांवर त्याच्या चौपट गेले होते.

तेव्हा डोळे मिटून बसण्याला नावं ठेवू नका. एप्रिलपासून तयारी करा, हे त्या माणसाला ऐकू तरी जायला हवं ना? घाबरलेल्याला आकडे दिसत नाहीत.

पगारदार, शंभर फुटी

तुम्ही दोघं पीपीएफ आणि पाकिटावर भांडताय, मूळ दुखण्यावर कुणीच बोलत नाही. कर भरतो कोण? माझा पगार हातात येण्याआधी कापला जातो. माझ्या शेजारी बागायतदार आहेत, दारात दोन चारचाकी, टॅक्स शून्य. एका डॉक्टरांची चार एकर द्राक्षबाग आहे म्हणे, आणि त्या बागेला दर वर्षी दवाखान्याइतकंच उत्पन्न निघतं. मी प्रसन्न का राहायचं?

वाळव्याचा ऊसवाला

शेजाऱ्याच्या दारातल्या गाड्या मोजल्या, त्याच्या डोक्यावरचं कर्ज मोजलं का साहेब?

माझा साडेतीन एकर ऊस. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा घुसली, आठ दिवस पीक पाण्याखाली. शेंडा कुजला, त्या वर्षी टनेज निम्म्यावर आलं. तुमचा पगार कधी पाण्यात कुजलाय? कारखान्याला ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. एका कारखान्यानं मला एका हंगामाचे पैसे पावसाळ्यात दिले. आणि टॅक्स भरत नाही म्हणता? कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी, खतावर ५ टक्के, आणि दुकानदारासारखा तो मला वळता करून घेता येत नाही. गुपचूप भरतो.

आणि मार्च एंड काय तुमच्या एकट्याचा असतो? गावच्या सोसायटीचं नवं-जुनं करायचं असतं, म्हणजे जुनं पीककर्ज फेडून नवं उचलायचं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य, तारीख चुकली तर सवलत गेली. हळद बाजारात न्यावी तर आवक वाढून दर पडलेला. मग तीन टक्के महिन्यानं चार दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज मिळालं की सावकाराला द्यायचे. गावात निम्मी माणसं ह्याच दगदगीत असतात. आमाला कुणी हसा म्हणून पोस्ट पाठवत न्हाई.

पगारदार, शंभर फुटी

पूर आला की भरपाई, कर्जमाफी, वीजबिल माफ. २०१९ ला माझ्या भाड्याच्या घरातही छातीएवढं पाणी होतं. फ्रीज, गाद्या, मुलीची पुस्तकं सगळं गेलं. पुढच्या महिन्यात टॅक्स मात्र तेवढाच कापला. माफी कुणी दिली नाही मला.

वाळव्याचा ऊसवाला

तुमचं घर बुडालं ह्याचं वाईट वाटतं. पण ते माझ्यामुळं बुडालं का? त्या डॉक्टरला धरा की. आमच्या नावानं खडे कशाला फोडता?

तासगावचा बेदाणा

मीपण बोलतो. आत्ता बेदाणा शेडवर आहे आणि दुपारपासून आभाळ भरून आलंय. एक सर आली की बेदाणा काळा पडतो, दर निम्म्यावर. बेदाण्यावर जीएसटी बसतो का नाही, ह्याच्यावर आमच्याकडं किती वर्षं घोळ होता. शेवटी डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलमध्ये ठरलं, शेतकऱ्यानं स्वतःचा बेदाणा विकला तर कर नाही. तोवर दर वेळी कुणी ना कुणी वेगळंच सांगायचं. तुम्हाला निदान किती कापणार ते तरी माहीत असतं.

कर सल्लागार, सांगली

माझ्या टेबलावर आत्ता फायलींचा ढीग आहे, तरी लिहितो, कारण दोन्हीकडून अर्धवट चाललंय.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे ते कुणाची मेहेरबानी म्हणून नाही. राज्यघटनेनं शेती उत्पन्नावरचा कर राज्यांच्या यादीत ठेवलाय, केंद्राला तो लावताच येत नाही. पण दुसरं उत्पन्न करपात्र असेल आणि शेतीचं ५,००० च्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचंही धरलं जातं. पगारदार साहेब, त्या बागेबद्दल तुम्ही म्हणता तसं घडतं, दवाखान्याचे पैसे शेतीचे म्हणून दाखवतात. अशी माणसं माझ्याकडंही येतात, मी त्यांची फाइल घेत नाही. सातबारा, विक्रीच्या पट्ट्या, खताच्या पावत्या मागितल्या की ती परत फिरकत नाहीत.

ऊसवाले दादा, तुमचा गोठा असेल तर दूध हे शेतीचं उत्पन्न नाही. इथं फार जण फसतात. घरच्या बागेचा वाळवलेला बेदाणा मात्र सहसा शेतीतच धरतात.

ताई, दुकान ४४एडी खाली (छोट्या धंद्याचा नफा विक्रीवरून अंदाजे धरायची सोय) दाखवत असाल तर आगाऊ कराचे, म्हणजे वर्ष संपायच्या आत भरायच्या कराचे, चार हप्ते नाहीत, सगळा १५ मार्चला एकदम. टीडीएस (आधीच कापलेला कर) वजा जाऊन कर १०,००० च्या आत असेल तर आगाऊ भरावाच लागत नाही. साठी ओलांडलेल्यांना, धंदा नसेल तर, तो नाहीच. पाकीट फोडण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी दर वर्षी बघतो. लोक न फोडलेली पाकिटं पिशवीत घालून आणतात.

पगारदार, शंभर फुटी

म्हणजे घटनाच आड येते. बरं. डॉक्टरबद्दल मी खोटं बोलत नव्हतो, एवढं मान्य झालं, पुरे. ऊसवाल्यांना माझा राग लागला असेल तर तो त्यांच्यावर नव्हता. पण गाड्यांबद्दल लिहिलेलं मी मागं घेत नाही.

विश्रामबागकर

धागा माझा होता, शेतावर गेला. ताई, पोस्ट तुमची आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. पाकिटाचं वाचून थांबलो. २०११ ला मी घाबरलो नसतो, तर त्या फॉर्मवरचं ‘२० वर्षे’ तरी वाचलं असतं. म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच निघालं. तरी ‘३१ च्या आत दीड लाख’ ही ओळ काढा. ती ओळ वाचूनच आमच्या मजल्यावरचे एक काका काल पॉलिसी घ्यायला निघाले होते. त्यांना पेन्शन सोडून उत्पन्न नाही, कर शून्य. मी जिन्यात अडवलं.

मिरजेची ताई

काकांचं मला माहीत नव्हतं. ओळ काढते. दहा मिनिटांचं काढणार नाही.

वाळव्याचा ऊसवाला

सल्लागार साहेब, भांडण बाजूला. माझ्या सहा म्हशी हाईत, दूध डेअरीला जातं. ते शेतीतच धरायचं, असं आमच्या भावकीतल्या एकानं सांगितलं होतं आणि मी आजवर काहीच भरलं न्हाई. आता काय करू?

कर सल्लागार, सांगली

घाबरू नका. चारा, पेंड, औषध, मजुरी वजा करून दुधाचा नफा किती उरतो ते आधी बघू. सगळं करपात्र उत्पन्न यंदा ४ लाखांच्या आत असेल तर बहुधा काहीच करावं लागणार नाही. वर गेलं तर विवरणपत्र भरावं लागेल, कर शून्य आला तरी. १५ मार्चला रविवार आहे, भरायचं निघालंच तर सोमवारी भरलेलंही चालतं. पण शनिवारीच या. वर्षभराची डेअरीची बिलं आणि पेंडीच्या पावत्या असतील तेवढ्या आणा, नसतील तर बँकेचं पासबुक आणा.