वजन नको, कमान बघा

पोरांचा डुलणारा लाकडी घोडा मागे कलंडत असेल तर वजनासाठी बुडाला लोखंडी पट्टी ठोका, असं काही जण सुचवतात. उपयोग होईल, नाही असं नाही, पण घोडा उचलताना कंबर आठवेल आणि पट्टीचा कोपरा फरशी ओरबाडेल तो वेगळाच. माझ्या मते दुखणं खालच्या कमानदार पट्ट्यांत आहे. पोर बसल्यावर पोर-घोडा मिळून जो गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतो तो बिंदू) येतो, त्याच्या उंचीपेक्षा कमानीची त्रिज्या बरीच मोठी हवी. मी लेकीसाठी केलेला पहिला घोडा २ फूट त्रिज्येचा होता, बैठक १४ इंचांवर. रिकामा असताना झकास डुलायचा. ती बसून जरा मागे रेलली की थेट आभाळाकडे तोंड! ३ फुटांवर नवी कमान आखली आणि प्रश्न मिटला. आखणी सोपी: जमिनीवर खिळा, ३ फूट दोरी, टोकाला पेन्सिल. दोरी मात्र न ताणणारी घ्या, मी सुतळी घेतली होती आणि दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या निघाल्या.

आणखी एक. कमान अखंड सागवानी फळीतून कापू नका. टोकांकडे लाकडाच्या रेषा आडव्या तुटतात आणि नेमकं तिथेच, पोर जोरात झुललं की, टवका उडतो. १८ मिमीचा चांगला प्लाय घ्या, त्यात थरांच्या रेषा आलटूनपालटून उभ्या-आडव्या असतात. कडा मात्र पॉलिश पेपरने नीट घासा, प्लायची कुसळं बोटात फार वाईट शिरतात.